निर्णयवही: सात महिने वापरल्यानंतर

मागच्या वर्षी माझ्या हातून एक प्रकल्प बुडाला. ग्राहकाच्या जुन्या सिस्टीममधला सगळा डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवायचा होता. रंगीत तालीम आम्ही जेमतेम एक दशांश नोंदींवर घेतली. ती चाळीस मिनिटांत उरकली, म्हणून शनिवारी रात्रीत सगळं काम होईल असं मी सांगून टाकलं. सोमवारी ग्राहकाची माणसं कामावर आली तेव्हा निम्म्या नोंदी अजून यायच्याच होत्या. करार गेला आणि टीमही माझ्याकडून काढून घेतली.

त्यानंतर ही छापील वही घेतली. एका निर्णयाला समोरासमोरची दोन पानं. डावं पान निर्णय घेतानाच भरायचं: काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले, काय होईल असं वाटतं, खात्री किती टक्के, आणि उजवं पान कोणत्या तारखेला उघडायचं.

पहिल्या पानावर मी तो बुडालेला प्रकल्पच लिहायला घेतला आणि ‘खात्री किती’पाशी अडले. मला मनापासून वाटत होतं की धाकधूक तेव्हाही होती. साठ टक्के लिहिणार होते. मग जुना मेल काढून बघितला. त्यात माझंच वाक्य होतं, ‘नक्की होईल, काळजी नको.’ तो मेल मी बराच वेळ बघत बसले.

याचा अभ्यास झालेला आहे. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाण्याआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. दौरे झाल्यावर तेच अंदाज आठवून सांगायला लावले, तर जे घडलं होतं ते आपल्याला आधीच अपेक्षित होतं, अशा बाजूला आठवणी झुकलेल्या निघाल्या. माझंही तेच झालं होतं. आठवणीतून शिकायला गेले असते तर चुकीचाच धडा घेतला असता.

उजव्या पानावर दोन वेगळे रकाने आहेत: ‘निकाल कसा लागला’ आणि ‘निर्णय कसा होता’. माझ्या मते या वहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. त्या तालमीवर विसंबणं चूकच होतं. सुदैवाने काम वेळेत झालं असतं तरी चूकच ठरलं असतं.

डाव्या पानाखाली एक चौकट आहे: ‘समजा हे फसलं आहे. कशामुळे?’ मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत, 2007 मध्ये त्यांच्या लेखातून गाजलेली. परवाच्या कामात मी तिथे लिहिलं, ‘जुन्या डेटाच्या खाचाखोचा ज्याला ठाऊक, तोच नेमका नव्हता.’ लिहिलं म्हणून विचारलं, तर तो सहकारी खरंच त्या आठवड्यात रजेवर होता. तारीख पुढे ढकलली.

गुण मोजायची सोय मात्र वहीत नाही, ती हवी होती. मी समासात स्वतः मांडते. हवामानाचे अंदाज तपासायला ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये सुचवलेली रीत आहे: खात्री आणि निकाल (झालं तर 1, नाही तर 0) यांतल्या फरकाचा वर्ग. 90 टक्के म्हटलं आणि तसं झालं तर 0.01, नाही झालं तर 0.81. सरासरी जितकी कमी तितकं बरं. आजवर 90 टक्के म्हणून लिहिलेले माझे 14 अंदाज आहेत, त्यांतले 9 खरे ठरले. आता ‘नक्की’ हा शब्द तोंडात आला की मी थांबते.

बाकी तक्रारी आहेत. बांधणी इतकी घट्ट की वही सपाट उघडी राहत नाही, कोपऱ्यावर फोन ठेवून लिहावं लागतं. मनःस्थितीसाठी छापलेले चेहरे निरुपयोगी. तिथे मी आदल्या रात्री किती तास झोपले ते लिहिते, त्याचा उपयोग जास्त होतो. निकालाला फक्त चार ओळी दिल्यात, फसलेल्या कामाला त्या पुरत नाहीत. उलट शेवटी सुविचारांची कितीतरी पानं आहेत, ती जागा तरी इकडे द्यायची.

घेतलीत तर पेनने लिहा. मी सुरुवातीला पेन्सिल वापरली आणि एकदा निकाल लागल्यावर 90 खोडून 70 केले.