बॅटरीवरचं कंट्रोल लाइन स्टंट विमान : परभणीच्या थंडीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

थंडीत पहिल्यांदा उडवलेलं विमान आता पाऊस लागल्यावर खुंटीला टांगलंय, म्हणून निवांत लिहितो. ज्यांना असं विमान बांधायचंय त्यांना मुद्द्याचं आधीच सांगतो. मोटर साधी घेतली तरी चालेल, पण ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गव्हर्नर मोडवालाच, म्हणजे मोटरचे फेरे आपोआप ठरल्या आकड्यावर धरणारा, घ्या आणि टायमर चांगला घ्या. या विमानातलं मला जे आवडलं त्यातलं बहुतेक या दोन वस्तूंमुळे आहे.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते त्यांना हा प्रकार सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात : पायलट मधोमध उभा, हातात हँडल, हँडलपासून विमानापर्यंत स्टीलच्या दोन बारीक तारा, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मनगट वर-खाली केलं की पंखातला बेलक्रँक (तारा जोडलेली तरफ) फिरतो, तो पुशरॉड (दांडी) ओढतो आणि एलिव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) हलतो. स्टंट विमानात फ्लॅपही (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) त्यालाच जोडलेले असतात, एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात. रेडिओ नाही, सर्व्हो नाही. विमानाची ओढ थेट हातात लागते आणि मला या छंदात तीच सगळ्यात प्रिय आहे.

माझं विमान जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या १९५० च्या दशकातल्या नोबलर या स्टंट विमानाच्या धाटणीचं आहे. पंख १३० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन १.३५ किलो, तारा १८ मीटर. सांगाडा बाल्साचा, नाकात प्लायवूड. चार सेलची २८०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि ११ बाय ५.५ इंचांचा प्रॉप (पुढचा फिरता पंखा). हात धरून त्रिज्या १९ मीटर आणि सव्वापाच सेकंदांना एक फेरी, म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर जातो आणि हातावर पावणेचार किलोची ओढ येते. एफ२बी, म्हणजे कंट्रोल लाइन स्टंटच्या आंतरराष्ट्रीय प्रकाराच्या स्पर्धेत विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा तपासतात. मीही दर वेळी मैदानावर ताणकाटा लावून साडेतेरा किलोपर्यंत ओढून बघतो, मगच बॅटरी जोडतो.

आता गव्हर्नरचं. या आधी माझ्याकडे ग्लो इंजिनाचं (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचं) विमान होतं. त्या इंजिनाची इंधन कमी-जास्त करणारी सुई जमवण्यात सकाळ जायची आणि टाकी रिकामी होत जाईल तसं नाक हलकं व्हायचं. मिथेनॉल-एरंडेलाचं इंधन परभणीत मिळत नाही आणि ज्वालाग्राही म्हणून कुरिअरवालेही घेत नाहीत. बॅटरीचं वजन पहिल्या फेरीपासून उतरेपर्यंत तेवढंच राहतं, त्यामुळे गुरुत्वमध्य हलत नाही. पण खरी गंमत वर चढताना आहे. साध्या ईएससीवर विमान नाक वर करून चढायला लागलं की प्रॉपवर भार येतो, फेरे उतरतात, आणि चौकोनी लूपच्या वरच्या कोपऱ्यात तारा सैल पडतात. गव्हर्नर फेरे ठरल्या आकड्यावर धरून ठेवतो. माझे मिनिटाला १०,००० च्या आसपास लावलेत. चढताना मोटरचा आवाज किंचित जड होतो, पण सूर तोच राहतो, आणि वरच्या कोपऱ्यातही हँडलला ओढ लागलेली असते. खाली येताना प्रॉपच थोडा ब्रेक लावतो, म्हणून शेवटचा कोपरा दीड मीटर उंचीवर घेताना काळजाचा ठोका चुकत नाही. उलटे लूप मला ग्लोवर कधी सलग जमले नव्हते, इथे जमायला लागले. स्लोव्हाकियाचे इगोर बर्गर बॅटरीवरच्या विमानाने जगज्जेते कसे झाले असतील, ते असा एक उलटा लूप घेतल्यावर कळतं.

टायमरचं काम तीन टप्प्यांचं. बटण दाबलं की तीस सेकंद थांबतो, तेवढ्यात चालत जाऊन हँडल हातात घ्यायचं आणि पट्टा मनगटात अडकवायचा. मग साडेपाच मिनिटं मोटर चालते, बंद व्हायच्या आधी एक हलका झटका देऊन सूचना मिळते. विमान धरायला भाचा असतो. "मामा, तारा मोकळ्या हायेत, सोडू का?" असं विचारल्याशिवाय तो सोडत नाही, आणि बॅटरी जोडलेली असताना प्रॉपसमोर कुणाला उभं राहू देत नाही. ब्रशलेस मोटर आवाज न करता जिवंत असते, हे लहान मुलांना दोनदा सांगावं लागतं.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागला. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर येतो आणि मेमधल्या संध्याकाळीही ४० च्या घरात असतो. तेवढ्या फरकाने हवा जवळपास १० टक्के विरळ होते. विमान कोपऱ्यात जड वाटायला लागलं तेव्हा गव्हर्नरचा आकडा थोडा वाढवला आणि काम भागलं. एका उड्डाणात साधारण २१०० एमएएच खर्च होतात, म्हणजे पाव बॅटरी शिल्लक राहते. त्याखाली नेऊ नका. नाकातून आत येणाऱ्या हवेच्या भोकापेक्षा बाहेर जाणारं भोक मोठं हवं, नाहीतर उन्हात ईएससी तापतो. ऑनलाइन मागवलेली एक बॅटरी पहिल्याच उन्हाळ्यात फुगली, ती बाद केली. तेव्हापासून बॅटऱ्या गाडीत सोडत नाही, जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत सावलीला ठेवतो. वापर नसताना दर सेलला ३.८ व्होल्ट. खर्चाचं म्हणाल तर मोटरपेक्षा बॅटऱ्यांनीच खिसा जास्त रिकामा केला, आणि त्या दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागणार हे धरूनच चालायचं.

मैदान हा आपल्या भागात मोठा प्रश्न. हरभरा निघालेलं रान मोकळं दिसतं, पण एप्रिलमध्ये काळ्या मातीला अशा भेगा पडतात की चाक आत जातं आणि विमान नाकावर येतं. मुरमाचं मैदानच बघा. मातीतले लोहकण मोटरच्या चुंबकांना चिकटतात, म्हणून उतरल्यावर मऊ ब्रशने मोटर झाडायची. लूपमागून लूप घेतले की तारांना पीळ पडतो. तारा स्वच्छ असतील तर एकमेकींवरून सरकतात, धूळ आणि दव मिसळलं की अडखळतात, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसायच्याच. आणि रानावरून जाणारी ११ केव्हीची लाइन जवळपास असेल तर तिथे विमान पेटीतून बाहेरही काढू नका. हातात स्टीलच्या तारा आहेत. वीज उडी मारून येते, शिवायची गरज नसते.

कव्हरिंगबद्दल एवढंच की गडद फिल्म उन्हात सैल पडते. वरून पांढरी-पिवळी, खालून लाल केली तर उलटं-सुलटंही पटकन कळतं.

पुढच्या विमानात दोन बदल करणार आहे. बॅटरीचा कप्पा वरून उघडणारा करीन, खालचा उघडायला दर वेळी विमान पालथं घालावं लागतं. आणि वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूच्या पंखाच्या टोकात, आतल्या बाजूच्या तारांचं वजन तोलायला जी वजनाची डबी असते, ती झाकणाची ठेवीन. सध्या तिथे २५ ग्रॅम आहे, पण थंडीत आणि उन्हाळ्यात तेवढंच लागतं असं दिसत नाही.