रानवट निसर्गचित्रांसाठी हिऱ्याच्या आकाराचा पेंटिंग नाइफ

कडे, झाडोरा, उधाणलेलं पाणी असलं काही तैलरंगात काढायचं असेल तर ब्रशपेक्षा मला हा नाइफ जास्त जवळचा वाटतो. पातं पातळ आहे, टोकाकडे छान लवतं. मानेला बाक असल्यामुळे बोटं ओल्या रंगाला लागत नाहीत. रंग मिसळायच्या सरळ पॅलेट नाइफमध्ये हे सुख नाही.

खरी मजा खडक करताना! पात्याच्या एका कडेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), दुसऱ्या कडेला टायटॅनियम व्हाइट घ्यायचा आणि न मिसळता एकाच फटक्यात ओढायचा. उजेडाची बाजू, सावली आणि मधली भेग एकदमच उमटते. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेने 19व्या शतकात खडक आणि लाटा नाइफने का रंगवल्या, ते हाताला आपोआप कळतं. गवताची पाती मात्र टोकाने ओरखडून काढावीत, खालचा रंग सुरेख डोकावतो.

तक्रार एकच. मूठ लाकडी आहे, सांधा टर्पेंटाइनमध्ये भिजत राहिला तर ढिला होतो. फडक्याने पुसलं तरी पुरतं. आणि जाड थर आतपर्यंत वाळायला महिने लागतात, त्यामुळे वार्निशची घाई करू नका.