बहिणीचा हिस्सा: हक्कसोडपत्र की सातबाऱ्यावर नाव?

वारसनोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत. वडील गेल्यावर ‘नोंदीसाठी लागतं’ असं सांगून बहिणीपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, सहीसाठी केलं जातं. नोंदीसाठी ते लागत नाही.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की पक्कं. पुढे नवऱ्याने टाकलं, भावाने दार लावलं, तरी त्या जमिनीवर बोट ठेवता येत नाही. रद्द करायचं तर दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि घरातल्या दबावाला साक्षीदार कुठून आणायचा?

सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलं म्हणजे लगेच वाटणी मागावी लागते असं नाही. सामाईक खात्यात, म्हणजे सगळ्या वारसांच्या एकत्र नावावर, राहता येतं. तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकला जात नाही. कर्जाच्या वेळी संमतीची कटकट होते, गावात बोलणी बसतात, हे खरं. पण वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्यासाठी वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून मुलींची नावंच गाळली जातात, तिथे लक्ष ठेवा. फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची) नोटीस निघाल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नोंद मंजूर झालीच, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करा.