डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच : मामांना संवाद कळले पाहिजेत, एवढीच अट होती

सिनेमासाठी एव्ही रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचा असेल तर वॅट आणि चॅनेलचे (आवाजाच्या स्वतंत्र वाटांचे) आकडे जरा बाजूला ठेवा. आधी बघा, पडद्यावर कुणी हळू आवाजात बोललं तर ते घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला कळतं का. मी याच कसोटीवर डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच घेतला आणि आता अंबाजोगाईच्या आमच्या घरात सिनेमा त्याच्यावरच चालतो. गाणी ऐकणाऱ्यांचं किंवा गेम खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. मी सिनेमापुरतंच लिहिते आहे.

आधी आमच्याकडे साउंडबार होता, कुठल्या कंपनीचा ते जाऊ द्या. मारामारी सुरू झाली की शोकेसमधल्या काचा थरथरायच्या, आणि पुढच्याच प्रसंगात कुणी पुटपुटलं की रिमोट शोधायची घाई. मामा, म्हणजे माझे सासरे, दर वेळी म्हणायचे, "आवाज हाय की भरपूर, पन काय बोलायलेत तेच कळंना." त्यांचं बरोबर होतं. ५.१ सिनेमात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (जड आवाजाचा स्पीकर) धरून आवाज केलेल्या सिनेमात, बहुतेक सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतात. त्या साउंडबारला मधला वेगळा स्पीकर नव्हता. संवाद, पार्श्वसंगीत, पाऊस, गाड्या सगळं त्याच दोन तोंडांतून यायचं. रिसीव्हर असला की संवादाला स्वतःचा स्पीकर मिळतो, आणि त्या एकट्याचा आवाज वाढवता येतो. रिसीव्हर घेण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच.

डेमोसाठी संभाजीनगरला गेलो. दुकानातल्या मुलाने रिवाजाप्रमाणे स्फोट, हेलिकॉप्टर, डोक्यावरून जाणारी विमानं असं सगळं दणक्यात ऐकवलं. मी म्हटलं, "भाऊ, आता आवाज निम्मा करा आणि दोन माणसं स्वयंपाकघरात बोलतायत असा एखादा मराठी सिनेमा लावा." तो जरा थांबला, पण त्याने लावला. मामांना मधल्या खुर्चीत बसवलं. थोड्या वेळाने ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ती म्हनली, दूध उतू चाललंय." तेवढं वाक्य त्यांनी पकडलं आणि माझा निर्णय तिथेच झाला. डेमोला जाल तेव्हा हेच करा. स्फोट कुठल्याही यंत्रावर छान वाटतात.

आता वॅटचं. या मॉडेलची क्षमता ८ ओमच्या स्पीकरला दर चॅनेलला ८० वॅट आहे, तीही दोन चॅनेल चालू असताना आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजलेली. खोक्यावर किंवा जाहिरातीत यापेक्षा बरेच मोठे आकडे दिसतात. ते एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, जास्त विकृती (आवाज फाटणं) चालवून घेऊन काढलेले असतात. दोन रिसीव्हर ताडून बघायचे तर दोघांची मोजणी एकाच पद्धतीची आहे का, ते आधी पाहा. याच्या वरचा एक्स२८००एच ९५ वॅटचा आहे. ८० आणि ९५ यांतला फरक एक डेसिबलही भरत नाही, कारण आवाज ३ डेसिबलने वाढवायलाच दुप्पट वॅट लागतात. आमचा हॉल बारा बाय सोळाचा. रात्री आम्ही व्हॉल्यूम उणे २५ च्या आसपास ठेवतो. डेनॉनच्या त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे थिएटरची पातळी, आणि घरात तिथवर जायची गरज पडत नाही. नेहमीच्या स्पीकरला एवढ्या आवाजात एखाद-दुसरा वॅट पुरतो. उरलेले वॅट दणक्याच्या क्षणांसाठी.

मग कमी किमतीचा का घेतला नाही? यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ मनात होता. ५.१ आहे, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) नाही, चार एचडीएमआय इनपुट आहेत. लहान खोलीसाठी आणि फक्त पाच स्पीकर लावणाऱ्यांसाठी तो घ्या असं मी आजही सांगेन. माझ्या नणंदेला तोच सुचवला. मला मात्र पुढे छतात दोन स्पीकर बसवायचे आहेत. एक्स१८००एच ७.२ आहे, म्हणजे पाच स्पीकर खाली, दोन वर आणि सबवूफर, अशी ५.१.२ मांडणी त्याच्यावर होते. दुसरं कारण ऑडिसी, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी रिसीव्हरमधली सोय. त्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं, कारण आमच्याकडच्या घरांना त्याची फार गरज आहे.

मराठवाड्यातला हॉल डोळ्यांसमोर आणा. खाली शहाबादी फरशी, वर उघडा स्लॅब, एका भिंतीला काचेचं शोकेस, खिडक्यांना पातळ पडदे. टाळी वाजवली तर टणकन परत येते. अशा खोलीत कितीही महाग स्पीकर ठेवा, शब्दांच्या कडा पुसट होतात. म्हणून आम्ही आधी खाली जाड सतरंजी घातली आणि मागच्या भिंतीला आत्याबाईंनी शिवलेली वाकळ टांगली. त्याने निम्मं काम झालं. कुठलंही यंत्र घुमणारी खोली पूर्ण सुधारू शकत नाही. उरलेल्या कामासाठी ऑडिसी.

खोक्यातच एक छोटा माइक आणि पुठ्ठ्याचा स्टँड मिळतो. माइक पुढच्या बाजूला जोडायचा, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर धरायचा आणि पहिली जागा मधल्या खुर्चीचीच घ्यायची. मग एकेका स्पीकरमधून फुईप, फुईप असे आवाज येतात. अशा जास्तीत जास्त आठ जागा मोजता येतात. अट एकच, शांतता हवी. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजही थोडा वेळ बंद. आम्ही हे भल्या पहाटे उरकलं, शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत. मुलांना बाहेर अंगणात बसवून ठेवलं होतं.

मोजणी झाली तरी काम संपत नाही. मशीनने पुढचे स्पीकर 'लार्ज' (जड आवाजही पेलणारे) धरले होते. ते हाताने 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे खालचा जड आवाज सबवूफरकडे जातो आणि लहान स्पीकरांवरचं ओझं उतरतं. सबवूफरचं अंतर टेपने मोजलं त्यापेक्षा जास्त दाखवत होतं. ते बदलायचं नाही, सबच्या आतल्या सर्किटमुळे लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. शेवटी सेंटर २ डेसिबलने वर घेतला आणि डायलॉग एन्हान्सर 'लो'वर ठेवला. 'हाय' केलं की आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. मुलं झोपल्यावर डायनॅमिक व्हॉल्यूम 'लाइट' करते. दणका खाली येतो, कुजबुज वर येते.

मामांचा खरा आनंद जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमांत. ते मुळात मोनो असतात, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तोच आवाज. रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' हा मोड लावला की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज सेंटरकडे वळतो. त्यामुळे बोलणं पडद्याच्या मधोमधून, बोलणाऱ्याच्या तोंडातूनच येतं. तमाशातली सवाल-जवाबाची लावणी मामांनी अशी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते पुढे सरकून बसले होते. ॲटमॉसच्या गप्पा मारणारे या गोष्टीबद्दल बोलत नाहीत, मला मात्र ती पैसे वसूल करणारी वाटते.

जोडणीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलेलं असतं, केबल तिथेच लावायची. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' बदलून 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करायचं. नाहीतर पाच स्पीकर लावूनही बऱ्याचदा दोनच चॅनेलचा आवाज मिळतो. ओटीटीवरचं ॲटमॉस साध्या एआरसीवरूनही येतं. ब्लू-रेचा पूर्ण आवाज हवा असेल तर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा.

छताबद्दलही सांगते. आमच्या मामेसासऱ्यांचा वाडा माळवदाचा आहे, वर लाकडी तुळया आणि किलचण. वर तोंड करून छतावर आवाज आदळणारे ॲटमॉस स्पीकर तिथे उपयोगाचे नाहीत, त्यांना सपाट आणि कडक छत लागतं. पत्र्याच्या खोलीत तर सबवूफरबरोबर पत्राच वाजतो. अशा घरात ५.१ वर थांबा आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर घाला.

आता ऊन आणि वीज. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर चाळीसच्या वर असतं आणि रिसीव्हर स्वतःही तापतो. त्याची गरम हवा वरच्या जाळीतून निघते. काचेच्या दाराच्या कपाटात तो कोंडू नका, वर वीतभर जागा सोडा, आणि क्रोशाचा रुमाल तर मुळीच टाकू नका. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर साइन-वेव्हचा असावा, स्क्वेअर-वेव्हवर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येऊ शकते. अवकाळी पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढाच, शिवाय डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून काढा. त्या वायरीतून आलेला झटका एचडीएमआयमार्गे आतपर्यंत पोचतो.

किंमत सणासुदीला हलते, म्हणून आकडा लिहीत नाही. पण खर्च नुसत्या रिसीव्हरचा धरू नका. आम्ही सुरुवातीला मागचे दोन स्पीकर साधे घेतले आणि सेंटर चांगला घेतला. तोच क्रम मी सगळ्यांना सांगते. आणि फोनवर "बाहेरचा माल, स्वस्त देतो" म्हणणारे भेटतील. मला एकाने दिलेल्या फोटोत मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं दिसत होतं. तो अमेरिकेचा माल. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो थेट लावता येत नाही, आणि इथल्या वॉरंटीचाही भरवसा नाही. पैसे देण्याआधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा, आणि बिलावर तोच सीरियल नंबर लिहून घ्या.