रुकडीचं क्रॉसिंग 5 बाय 3 च्या प्लायवर: घरच्या रेल्वेचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघांनी एकमेकांना वेगवेगळं काही न घेता मिळून एक एन स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या दीडशेपट लहान मापाचा, मॉडेल ट्रेन सेट घेतला. आता ऑगस्ट संपत आला. मध्ये एक हिवाळा, एक उन्हाळा आणि कोल्हापूरचा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला, आणि पावसाळ्यातून गाडी जिवंत निघाल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. सेट उघडल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, त्यावर लिहून कुणाचा काय फायदा.

आधी आमच्याबद्दल थोडं, म्हणजे कशावरून बोलतेय ते कळेल. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते, हे उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतात. राजारामपुरीत दोन खोल्या, किचन आणि एक बंद गॅलरी, त्या गॅलरीत रेल्वेचा बोर्ड बसतो 5 फूट बाय 3 फूट, त्याहून इंचभर जास्त नाही. खाली चाकं लावलीयत कारण कपडे वाळत घालायला सासूबाईंना तिथंच जागा लागते.

स्केलचा निर्णय जागेनंच केला. ह्यांना एचओ हे मोठं स्केल हवं होतं, 1:87, डबा हातात घेतला की वजन जाणवतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच आवडलं होतं, पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून आल्यापासून डोक्यातून ते जात नव्हतं. पण एचओचं नेहमीचं 18 इंची वळण घेतलं तर रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच 36 इंच होतात, म्हणजे आमच्या बोर्डाची पूर्ण रुंदी, कडेला बोटभर जागा उरत नाही, मग गाव कुठं करायचं, नदी कुठं करायची. एन मध्ये रूळ 9 मिलिमीटरचा, आमचं वळण 315 मिलिमीटर त्रिज्येचं, पूर्ण गोल 63 सेंटिमीटरमध्ये बसतो आणि बाकी सगळी जागा आपल्याला उरते. आम्ही जपानी काटो कंपनीचे रूळ घेतले, खडीचा प्लॅस्टिकचा भराव खालीच जोडलेला येतो, खटकन बसतात. नऊ महिन्यांत किमान वीस वेळा सगळं उचकटून परत जोडलं असेल, एकही जोड सैल पडलेला नाही, ह्याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आता वीज. हा भाग कृपा करून नीट वाचा. बाहेरून मागवलेला पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, असेल तर त्याच्या अडॅप्टरवर 100 किंवा 120 व्होल्ट लिहिलेलं असू शकतं, तो आपल्या 230 च्या प्लगला थेट लावायचा नाही, नाहीतर जळणार. आमचा 120 चा होता. मी तो कपाटात ठेवला आणि 12 व्होल्टचा अडॅप्टर, एक पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर (वीज भराभर चालू बंद करून वेग ठरवणारा) आणि दिशा बदलायला, म्हणजे दोन्ही वायरींची अदलाबदल करायला, डीपीडीटी स्विच असं घरीच डबीत बसवलं. पीडब्ल्यूएममुळं गाडी अगदी हळू सुटते, खऱ्या गाडीसारखी, झटका देऊन पळत नाही. इंजिनात कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली मोटर असेल तर मात्र आधी माहितीपत्रक वाचा, काही मोटर त्यानं तापतात.

सेटबरोबर वीज जोडायला एकच वायर येते, एका ठिकाणी. आमची गाडी त्या बाजूला मस्त पळायची आणि समोरच्या बाजूला गेली की दमल्यासारखी व्हायची, हे म्हणायचे इंजिन खराब आलंय, परत पाठवू. मी मीटर लावला, गाडी चालू असताना वायरपाशी 12 व्होल्ट आणि पलीकडच्या वळणावर साडेदहासुद्धा नाही. रुळाच्या प्रत्येक जोडात थोडी थोडी वीज खाल्ली जाते. मग बोर्डाखालून एक जाड वायरची जोडी फिरवली, लाल आणि काळी, आणि दर दीड दोन फुटांवर त्यातून बारीक वायर वर काढून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर केली. सोल्डर करताना दोन्हीकडं ओला कापूस ठेवायचा आणि दोन सेकंदात आटपायचं, नाहीतर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात, माझे दोन वितळलेच. त्या रविवारनंतर गाडी कुठंही मंदावलेली नाही. नवीन माणसानं एकच काम करायचं असेल तर हे करावं, झाडं घरं नंतर.

मग नेमकं करायचं काय ह्यावर जवळजवळ महिनाभर आमचं जुंपलं. ह्यांना कोल्हापूर स्टेशन करायचं होतं, साहजिक आहे, 1891 पासून इथं रेल्वे आहे, आधी मीटरगेज, 1971 ला ब्रॉडगेज झाली, शाहू महाराजांचं नाव स्टेशनला आहे, कोल्हापूरकरानं दुसरं काय करावं. पण मी म्हटलं अहो, आपलं स्टेशन टर्मिनस आहे, गाडी येते आणि संपते, आपला रूळ गोल आहे, गोल फिरणारी गाडी कोल्हापूरला थांबेल कशी आणि पुढं जाईल कुठं? मग पुढं पळणारं स्टेशन शोधायला लागलो. मिरजेपर्यंतचे 48 किलोमीटर डोळ्यासमोर आणायचे, गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव तमदलगे, जयसिंगपूर. जपानी एन 1:150 असतो, त्या मापात हे 48 किलोमीटर म्हणजे 320 मीटर होतात आणि आमच्याकडं दीड मीटर. म्हणजे सगळं करायचा मोह सोडायचा आणि एकच जागा धरायची. रुकडी ठरलं, कारण एकेरी लाइन, क्रॉसिंगला थांबणारी गाडी, आजूबाजूला ऊस आणि जवळच पंचगंगेवरचा पूल. क्रॉसिंगसाठी दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ टाकले, एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते आणि दुसरी बाजूनं निघून जाते. लहानपणी कोयना एक्सप्रेसनं जाताना गाडी अशी मध्येच थांबली की सगळे खिडकीतून मान काढून समोरून काय येतंय ते बघायचे, मला नेमकं तेच हवं होतं.

60 किलोमीटर वेग ह्या मापात सेकंदाला साधारण 11 सेंटिमीटर येतो, म्हणजे आमचा बोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायला 14 सेकंद. मी घड्याळ लावून कंट्रोलरवर खूण केलीय. बहुतेक जण गाडी फार जोरात पळवतात, ह्या वेगानं चालवून बघा, पूल आल्यावर आपोआप श्वास रोखला जातो.

खडी. रुळाचा प्लॅस्टिकचा भराव दिसायला फार गुळगुळीत आणि एकसारखा आहे म्हणून वरून बारीक वाळू चिकटवायची ठरली, आणि हे कारखान्यातून चाळलेली फाउंड्रीची वाळू घेऊन आले, रंग अगदी खडीसारखा करडा, आणि फुकट. मला शंका आली म्हणून चुंबक फिरवलं तर त्यावर लोखंडाच्या कणांची मिशी उभी राहिली. वापरलेल्या वाळूत ओतकामाचे कण असतातच, ते रुळावर पडले की इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेणार आणि मोटर गेली. तीन वेळा चुंबक फिरवून, धुऊन, उन्हात वाळवून मग वापरली. वाळू ब्रशनं जागेवर बसवायची, पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडायचं. सांध्याच्या हलणाऱ्या भागापासून मात्र दूर.

बाकी देखावा ह्यांच्या हाताला सोपा गेला, आणि दिवाळीत किल्ला केलेल्या कुठल्याही माणसाला जाईल. थर्माकोलचे थर, वर कागदाचे तुकडे, वर पीओपी. उसासाठी आधी केरसुणीच्या काड्या लावल्या तर त्या त्या मापात नारळाची झाडं वाटायला लागल्या, तीन मीटरचा ऊस 1:150 मध्ये फक्त 2 सेंटिमीटर असतो. शेवटी सुतळी हिरव्या रंगात बुडवून, 2 सेंटिमीटरचे तुकडे करून, टोकं पिंजून ओळीनं लावली. दीड हजारावर तुकडे, तीन आठवडे, रोज जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून. टीव्ही त्या तीन आठवड्यांत लागलाच नाही आणि लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आम्ही एकमेकांना काय काय नवीन सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पूल हुबेहूब नाही, खांब आणि वर गर्डर असा ह्यांनी सागाच्या उरलेल्या पट्ट्यांतून कोरलाय, पण त्याची कोर बोट लावून बघावी अशी आहे. पाणी आम्ही पावसाळ्यातलं केलंय, तांबूस, कारण पंचगंगा आम्हाला तशीच आठवते. वार्निशचे थर जूनमध्ये दिले ही चूक झाली, दमट हवेत ते दोन आठवडे चिकट राहिलं आणि धूळ बसली, परत घासून करावं लागलं. वार्निश, रंग, पीओपी जे काही वाळायचं आहे ते मेच्या आत संपवा.

पावसाळ्यानं आमचे खरे डोळे उघडले ते बोर्डाबाबतीत. आम्ही साधा 12 मिलिमीटरचा कमर्शियल प्लाय घेतला होता, खाली चौकट न करता चार पाय ठोकले होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पुलाअलीकडच्या एकाच जोडावर रोज घसरायला लागली. पट्टी धरून बघितलं तर प्लायचा कोपरा 3 मिलिमीटर उचललेला. एवढासा रूळ, त्याला 3 मिलिमीटर म्हणजे खूप झाले. ह्यांनी बोर्ड उलटा न करता खालून सागाच्या पट्ट्यांची चौकट स्क्रूनं आवळली, प्लायच्या कडा आणि खालची बाजू वार्निशनं बंद केली, हळूहळू तो आठ दिवसांत सरळ झाला. आज घेतला तर आयएस 710 चा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेईन, महाग पडतो पण एकदाच, आणि चौकट पहिल्या दिवशी.

दुसरं म्हणजे रुळाची सफाई. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत, त्यात चांदी नसते, तांबं जस्त निकेल असतं, पितळेच्या रुळांपेक्षा बरेच टिकतात पण किचनची फोडणी गॅलरीपर्यंत येते आणि तिचा तेलकट थर रुळावर बसतोच. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी पुसलं तरी चालायचं, जुलै ऑगस्टमध्ये प्रत्येक वेळी चालवण्याआधी. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि इंजिनाची चाकंही. पॉलिश पेपरनं घासू नका, चरे पडतात आणि मळ त्यातच जाऊन बसतो. आता वर जुन्या साडीचं आच्छादन असतं, त्यानं फार फरक पडला.

डब्यांबद्दल. भारतीय डबे एनमध्ये दुकानात तयार मिळतील ह्या अपेक्षेनं जाऊ नका, आम्हाला तरी मिळाले नाहीत. जपानी निळ्या स्लीपर गाड्यांचे डबे घेतले, चार, ते लांबून आपल्या जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्यांसारखे दिसतात. ह्यांना त्यावर फिका निळा पट्टा रंगवायचा होता, मी पाच महिने अडवून धरलं, एवढ्या महागाच्या डब्याला ब्रश लावायचा म्हणजे काय. शेवटी एकच डबा रंगवून द्यायचं कबूल केलं. मास्किंग टेप लावून त्यांनी जो पट्टा मारला तो बघून बाकीचे तीन मीच काढून दिले.

आमचं ठरलंय, बोर्डाखालचं सगळं माझं, वरचं सगळं ह्यांचं, आणि एकमेकांच्या हद्दीत विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. हे मार्चमध्ये एका मोठ्या भांडणानंतर ठरलं, ह्यांनी घर चिकटवताना माझ्या सांध्याची वायर तोडली होती आणि मी दोन दिवस बोलले नव्हते. जोडप्यानं करणार असाल तर पहिल्या दिवशीच वाटणी करा.

खर्च सेट, जादा रूळ, दोन सांधे, डबे, प्लाय, वायर सगळं धरून 38 हजारांच्या आसपास गेला, तोही एकदम नाही, महिन्याला थोडा थोडा. रूळ आणि इंजिन सोडलं तर बाकी सगळं लक्ष्मीपुरी आणि घरातल्या अडगळीतून आलं. आम्हाला पैसे वसूल वाटतात.

पुढचं काम आता सासऱ्यांनी दिलंय. ते इतके दिवस खुर्ची टाकून नुसते बघायचे, परवा म्हणाले, "सूनबाई, मिरजेतनं पंढरपूरला छोटी गाडी जायची, आषाढीला आम्ही तिनंच जायचो, ती कर की." ती बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, मिरजेला 1927 मध्ये पोचलेली, रूळ अडीच फुटांचा म्हणजे 762 मिलिमीटर. मी रात्री बसून भागाकार केला, 762 भागिले 87, पावणेनऊ. म्हणजे आमच्याकडं आहे त्याच 9 मिलिमीटरच्या रुळावर एचओच्या मापाची नॅरोगेज गाडी बसते, डबे मोठे, हातात धरल्यावर वजन जाणवेल असे, ह्यांना पहिल्यापासून हवे होते तसे. मी हे सकाळी चहाला सांगितलं तर हे कप तसाच ठेवून लाकडाचा तुकडा शोधायला उठले. बोर्ड वेगळा करायला लागेल, मापं वेगळी आहेत, एका देखाव्यात दोन्ही चालणार नाहीत. 4 फूट बाय 1 फुटाची फळी पलंगाखाली मावते, ती मी मोजून ठेवलीय.