खाणीचा रिपोर्ट वाचून देणारे सल्लागार, गंगापूर रोड, नाशिक: 4 स्टार, पण वेळ काढून जा

आधीच सांगतो, नाव टाकत नाहीये. हे सर खडी क्रशरवाल्यांचेपण पर्यावरण रिपोर्ट बनवतात आणि नाव टाकलं तर उद्या ते गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांनीच हसत सांगितलं. आमचे नाना म्हणाले म्हणजे हा दोन्हीकडून खातो. असेल, पण जो स्वतः असे रिपोर्ट लिहितो त्यालाच माहीत असतं ना कुठल्या पानावर काय दडपलेलं असतं.

तर विषय असा, आमच्या दिंडोरीकडच्या शिवारात डोंगराच्या पायथ्याला जुनी दगडखाण आहे, ती वाढवायचं चाललंय आणि वाढीव तुकडा सरकतो बोरगडच्या संवर्धन राखीवच्या (वन्यजीवांसाठी राखलेलं रान) हद्दीकडे. जनसुनावणी लागणार म्हणून गावात रिपोर्ट आला, जाडजूड, सगळा इंग्रजीत. मराठी सारांश द्यायचा नियम आहे म्हणून दिलाय, पण त्यात "परिणाम नगण्य" हेच फिरवून फिरवून लिहिलंय. मग आम्ही पाचसात घरांनी वर्गणी काढली आणि रिपोर्ट घेऊन गेलो सरांकडे.

पहिली गोष्ट त्यांनी बघितली ती म्हणजे हवा कधी मोजली. नियमाने पावसाळा सोडून एका सीझनचं मोजमाप चालतं, इथे मार्च ते मे घेतलेलं. आता द्राक्षवाल्याला विचारा, ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंतचे महिने सगळ्यात नाजूक, पानावर धूळ बसली की लाल कोळी (कीड) वाढतो, घडावर बसली तर एक्सपोर्टवाला तोंड फिरवतो. म्हणजे ज्या महिन्यांत आमचं नुकसान होतं ते मोजलेलेच नाहीत. आणि गंमत बघा, इकडच्या कड्यांवर जी लांब चोचीची गिधाडं घरटी करतात (अंजनेरी ब्रह्मगिरीचं तर सगळ्यांना माहीत आहे) त्यांचा विणीचा काळपण हिवाळ्यातच सुरू होतो, एका जोडीला वर्षाला एकच अंडं, आणि कड्याच्या बुडाशी सुरुंग. रिपोर्टात गिधाडाचा उल्लेख पक्ष्यांच्या यादीत एका ओळीत, कावळ्याच्या खाली.

दुसरं, मोजणीच्या दिवशी क्रशर चालू होता का बंद? हे कुठेच लिहिलेलं नाही. पीएम 10 म्हणजे हवेतली बारीक धूळ, तिची मर्यादा 24 तासांना घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, रिपोर्टात आकडा त्याच्या खालीच आहे, पण क्रशर बंद असताना मोजला असेल तर त्या आकड्याला काय अर्थ. शिवाय वाढीव खाणीतून नुसती धूळ येत नाही, हायवा (डंपर) किती वाढणार, त्या कुठल्या रस्त्याने जाणार, ताडपत्री टाकणार का, हे जोडून बघायला पाहिजे. सर म्हणाले हे प्रश्न सुनावणीत तोंडी विचाराच पण आधी लेखीपण द्या, उत्तर द्यावं लागतं.

पाण्याचं मात्र त्यांनी सगळ्यात छान समजावलं आणि इथे मी खरंच अडकून ऐकत बसलो. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सलग घट्ट दगडात पाणी जवळजवळ राहतच नाही, राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, तिथूनच झरे विहिरीला येतात. डोंगर कापला की हा वरचा थरच जातो, आणि खड्डा खोल गेला की आजूबाजूचं पाणी तिकडे उतरतं आणि ते पंपाने बाहेर फेकलं जातं. रिपोर्टात विहिरींच्या पातळ्या एकदाच घेतलेल्या. सरांनी सांगितलं प्रत्येकाने आपापल्या विहिरीची पातळी आत्तापासून दर महिन्याला तारखेसकट लिहून ठेवा, फोटो काढा, नंतर ओरडून उपयोग नाही.

कायद्याचं ऐकून मात्र माझा मूड गेला. मला वाटायचं संवर्धन राखीव म्हणजे संपलं, खाण होऊच शकत नाही. तसं नाही. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये खाणकामाला 1 किलोमीटरची बंदी कायम ठेवली ती राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यासाठी, संवर्धन राखीव हा वन्यजीव कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीतून आलेला वेगळा प्रकार, त्याला ती आपोआप लागत नाही. बोरगड 2008 पासून राखीव आहे, पण राखीवच्या बाहेरच्या गटात काय चालतं त्यावर कायद्याचा हात मर्यादितच. म्हणून मुद्दा "जंगल वाचवा" असा भावनेवर नको, मोजमापावर ठेवा, असं त्यांचं म्हणणं.

आता खाणवाल्यांच्या बाजूचंपण सांगतो नाहीतर एकतर्फी वाटेल. 2027 च्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, खडी लागणारच, नदीची वाळू उपसायला बंधनं आली तसं सगळं बांधकाम क्रश सँडवर (दगड भरडून केलेली वाळू) आलं. आमच्याच घराचा स्लॅब त्याच खाणीच्या खडीचा आहे आणि चुलतभावाची हायवापण तिथेच फिरते, त्यामुळे घरात सध्या जेवणाच्या ताटावर हा विषय बंद. सर म्हणाले खाण बंदच करा म्हणाल तर कोणी ऐकणार नाही, त्यापेक्षा विणीच्या महिन्यांत सुरुंग बंद, हद्दीपासून ठरावीक अंतर मोकळं, आणि घरांपाशी कंपन मोजायचं यंत्र, या तीन गोष्टी मागा. हद्दीच्या बाजूला वाढ नकोच, खाण किती खोल न्यायची त्यालापण मर्यादा, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझं मत विचाराल तर तेवढं जरी मिळालं तरी मी सही करेन, नाना नाही करणार.

एक स्टार का कापला ते सांगतो. सांगितलेल्या वेळेला कधीच भेटत नाहीत, बाहेर बाकावर बसवून ठेवतात, चहासुद्धा नाही. टिपण इंग्रजीतच देतात, मराठी पाहिजे तर पैसे वेगळे, हे आधी सांगितलं नव्हतं. रिपोर्टात एका पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नदीचं नाव तसंच राहिलेलं, कॉपी पेस्ट, ते आम्ही दाखवलं तेव्हा नुसते हसले, मला वाटलं होतं टिपणात घालतील पण घातलं नाही. बहुतेक धंद्यातल्या माणसाला अडचणीत आणायचं नसेल.

जाणार असाल तर पूर्ण रिपोर्टची प्रत घेऊन जा, सारांश चालत नाही. ती कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळते. सुनावणीच्या नोटीसपासून निदान 30 दिवस मिळतात, त्यातला पहिला आठवडा वाया घालवू नका. सातबारा आणि विहिरीच्या नोंदी सोबत ठेवा. गाडी लांब लावावी लागते, शनिवारी तर जाऊच नका.