रबरवुडचे युनिट ठोकळे: पावसाळा आणि थंडी ओलांडल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव रबरवुडच्या, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाच्या, साध्या, न रंगवलेल्या युनिट ठोकळ्यांचा आहे. दोन ते सात वर्षांच्या मुलांनी ते जूनपासून रोज वापरले आहेत. या ठोकळ्यांचा आराखडा न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांचा. त्यांनी 1914 मध्ये शाळा काढली आणि हेच ठोकळे तिथे खेळाच्या केंद्रस्थानी ठेवले. मापांचा पाया 1:2:4 हा. जाडी 35, रुंदी 70 आणि लांबी 140 मिलिमीटर म्हणजे एक युनिट (मूळ माप इंचांत आहे, हे त्याचे जवळचे मेट्रिक रूप). अर्धा 70, दुहेरी 280 आणि चौपट 560 मिलिमीटर लांब. चार ठोकळे आडवे रचले की उंची एका उभ्या ठोकळ्याएवढी भरते. या खेळण्याची किंमत या जुळणीत आहे. ती बिघडली तर लाकूड कितीही देखणे असो, खेळ पुढे सरकत नाही.

संचात काय असावे? एका घरातल्या दोन मुलांना 60 नग पुरतात: एकेरी 24, दुहेरी 12, अर्धे 8, चौपट 4, बारीक खांब (35×35×140) 4, त्रिकोण 4, उतरणी 2 आणि जाड दंडगोल 2. रबरवुडमध्ये याचे वजन सुमारे 16 किलो होते, म्हणजे लटकत्या फळीवर ठेवायचा हा ऐवज नाही. बाजारातल्या बऱ्याच संचांत रंगीत कमानी आणि नक्षीचे तुकडे भरपूर असतात, दुहेरी ठोकळे मात्र दोनतीनच. तिथेच घोडे अडते. दोन उभ्या ठोकळ्यांवर आडवी तुळई ठेवता आली की मूल मनोऱ्यातून पुलाकडे, पुलातून घराकडे जाते. दुहेरी ठोकळा दोन्ही टोकांना 70-70 मिलिमीटर टेकवला तर मधे 140 मिलिमीटरची वाट उरते आणि त्यातून खेळण्यातली गाडी जाते. छत घालायला चौपट लागतात. नग कमी पडले की मुले भांडतात, नाहीतर बांधकाम अर्ध्यावर सोडतात.

वयानुसार खेळ बदलतो. दोन वर्षांचे मूल ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेते, मग रांग लावते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूल येतो, नंतर चारी बाजूंनी बंदिस्त जागा. त्या जागेला गोठा, दवाखाना, एसटी स्टँड अशी नावे त्यानंतर मिळतात. दिवाळीच्या सुमारास किल्ले होणारच: चौपटांची तटबंदी, दंडगोलांचे बुरूज, उतरण लावून महादरवाजा. ठोकळा कोरा असल्यामुळे तोच सकाळी तोफ आणि संध्याकाळी भाकरीची परात होतो. सोबत भातुकलीची बोळकी, जुन्या साडीचे तुकडे आणि तीन वर्षांवरील मुलांसाठी चिंचोके एवढे पुरे. तयार बाहुलीघर मधे आणले की ठोकळे त्याचे कुंपण होऊन राहतात. बांधलेले रोज मोडून आवरायला लावू नका. खोलीचा वर्दळ नसलेला कोपरा द्या. अर्धवट किल्ला दुसऱ्या दिवशीही उभा असेल तर त्यावर मजला चढतो.

आता पावसाळ्याबद्दल. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या अंगाने, म्हणजे जाडी-रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चार आडव्या ठोकळ्यांची थप्पी उभ्या ठोकळ्यापेक्षा मिलिमीटरभर उंच झाली आणि दोहोंवर टेकवलेला लांब ठोकळा डुगडुगू लागला. थंडीत माप पुन्हा जुळले. हा माल खराब असल्याचा पुरावा नव्हे, पण पावसाळ्यात खरेदी करताना हे लक्षात ठेवा. खरी परीक्षा वेगळी आहे: दहा आडव्या ठोकळ्यांच्या दोन थप्प्या शेजारी उभ्या करा. फरक मिलिमीटरहून जास्त असेल तर कापणीच चुकली आहे.

झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवलेल्या नगांवर बुरशीचे करडे ठिपके आले, उघड्या फळीवरच्यांवर नाही. फळी भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा. पुसायला घट्ट पिळलेले फडके, मग सावलीत उभे करून वाळवणे. भिजवू नका, टोकांना चिरा पडतात. हळदीचे डाग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने जातात, पण रेषांच्या दिशेनेच घासा. टाचणीएवढे भोक आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो कीडा आहे. तो नग लगेच बंद पिशवीत वेगळा करा आणि बाकीचे तपासा. कीडरोधक प्रक्रिया न केलेल्या रबरवुडला ही कीड लवकर लागते, म्हणून प्रक्रियेबद्दल विक्रेत्याला आधी विचारा.

चकचकीत वार्निश टाळा, ठोकळे एकमेकांवरून घसरतात. खाली फोमची चटई नको, ती दबते आणि मनोरा कलतो. सतरंजी चांगली, आवाजही कमी होतो. चौपट ठोकळा पाऊण किलोच्या वर भरतो, तो पायावर पडला तर लागते. म्हणून तीन वर्षांखालील मुलांना तो देऊ नका, आणि रचना बसलेल्या मुलाच्या खांद्याच्या वर जाऊ लागली की जवळ राहा.

सुताराकडून करून घ्यायचे तर मुरलेले लाकूड दीड घनफूट आणा. आधी सगळ्या पट्ट्या 35 आणि 70 वर रंधून घ्या, मग टेकू (प्रत्येक तुकडा त्याच मापावर अडवणारा लाकडी अडसर) लावून लांबी कापा. एकेरी ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे करू देऊ नका: करवतीच्या पात्यात तीन मिलिमीटर जातात आणि दोन्ही अर्धे 68.5 चे निघतात. कडांना गोलाई दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नको. तयार संच विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहा, 1 जानेवारी 2021 पासून भारतात ते खेळण्यांना बंधनकारक आहे (नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे). पुढे भर घालायची तर नवे आकार नकोत, आणखी बारा दुहेरी घ्या.